खोली आणि ओसरी

मी दाल मिलमध्ये काम करतो. वाशिमला. तुरीच्या हंगामात रात्रपाळी असते. मधल्या सुट्टीत आम्ही बारदान्यावर पडतो. डोक्याखाली हात, अंगावर टरफलाची धूळ. सात-आठ माणसं एका ओळीत. कोण घोरतो, कोण झोपेत कर्जाचा हिशेब बडबडतो, सगळं सगळ्यांना ठाऊक. माझ्या खिशात वही असते. कविता आली की पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन लिहितो. ती थप्पी म्हणजे माझी खोली. सकाळी ट्रक येतो न् माझी खोली भरून घेऊन जातो.

कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही. बारावीनंतर सुटलं. पण जे काय चार बुकं वाचली ती एका वसतिगृहाच्या ओसरीवर. दोस्त तिथं राहायचा. मी त्याचा पाहुणा. सुपरवायझर झोपला की मी यायचो, तो उठायच्या आत निघायचो. ओसरीवर एक बल्ब, त्याखाली पाच-सहा पोरं. एक स्पर्धा परीक्षेचं घोकतोय, एक 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मोठ्यानं वाचतोय, बाकीचे भांडताहेत. मला समजायला वर्ष लागलं, पण समजलं ते तिथंच. तेव्हा माझं विद्यापीठ म्हणजे तो बल्ब.

आता गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची. तिला अमरावतीला प्रवेश मिळाला. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. स्वाधारचा अर्ज भरला. मी म्हणालो, पुढच्या यादीची वाट पाहू, वसतिगृहातच राहा, चळवळ तिथं घडते. ती म्हणाली, "दादा, तू ओसरीच्या गोष्टी सांगत राह्यतं. मले खोली पाह्यजे. मी जलमात एकटी झोपली नाही. माय, बाबा, तू, आजी, समदे एका सपरात. मले दार लावून वाचाचं हाय."

मी गप्प झालो. पुस्तकी उत्तर होतं, पण तोंडातून निघेना. म्हणून हा लेख. आपल्या माणसांना झोपायला जागा कुठं मिळाली, कशी मिळाली, आणि त्या जागेनं त्यांचं काय केलं, हे मी शोधत गेलो. जे सापडलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

दोस्तहो, इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, परिषदा, मोर्चे आठवतात. कोण कुठं झोपलं याला कुणी इतिहास म्हणत नाही. पण मनूला ते कळत होतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं, रात्री गावात-नगरात फिरू नये, असं लिहून ठेवलंय. म्हणजे माणसाला अस्पृश्य करायचं तर आधी त्याची रात्रीची जागा ठरवावी लागते. दिवसा त्याच्याकडून कामं करून घ्यायचीच असतात. रात्री तो कुठं पाठ टेकतो त्यावरून त्याची जात पक्की होते. 25 डिसेंबर 1927 ला महाडला ते पुस्तक जळालं. गावाचा नकाशा जळाला नाही.

या नकाशाच्या उलटा एक नकाशा होता. तो आपल्या वाशिमशी जोडलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेचा हरिषेण राजा होऊन गेला. वराहदेव त्याचा मंत्री. या वराहदेवानं अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं कोरवून भिक्षुसंघाला दिलं. लेण्यातल्या शिलालेखात ते आहे. राजांची वंशावळ आहे, मंत्र्याचं नाव आहे. छिन्नी मारणाऱ्याचं नाव नाही. ते असो. आमच्या गावच्या राज्याचा पैसा विहार कोरायला गेला, एवढं तरी वाशिमच्या पोरांना शाळेत सांगायला हवं होतं.

अजिंठ्याला गेलो तेव्हा सगळे चित्रं बघत होते. मी खोल्या बघत होतो. 12 नंबरचं लेणं तर 16 नंबरच्याही आधीचं, इसवी सनापूर्वीचं. आत शिरलं की मधे चौकोनी मंडप. तीन बाजूंना चार-चार खोल्या, मिळून बारा. खोली एवढीशी. आत दगडातच सोडलेले दोन ओटे, झोपायला. बारा खोल्या, चोवीस माणसं. खोलीतून पाऊल टाकलं की थेट मंडपात. झोप आपली, ध्यान आपलं, पण उपदेश, चर्चा, पाठांतर सगळ्यांचं. मी त्या ओट्यावर हात ठेवला. गार होता. मनात आलं, दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं की माणसाला एक कोपरा लागतो आणि एक मंडपही लागतो. नालंदेला विटांच्या विहारांत हेच. मधे चौक आणि भोवती खोल्या.

या खोल्या वाटायच्या कुणी? विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त नावाच्या भिक्षूची गोष्ट आहे. आलेल्या भिक्षूंना जागा नेमून द्यायचं काम त्यानं मागून घेतलं होतं. तो सुत्तं पाठ करणाऱ्यांना एका ठिकाणी ठेवी, विनय शिकणाऱ्यांना एका ठिकाणी, ध्यान करणाऱ्यांना एका ठिकाणी. म्हणजे प्रत्येकाला आपल्यासारखा सोबती मिळावा. तुम्ही त्याला जगातला पहिला रेक्टर म्हणा. त्यानं अभ्यास विचारला, जात नाही विचारली. त्या संघात उपाली न्हावी होता, कचरा उचलणारा सुनीत होता. मान कुणाला आधी, तर ज्याची दीक्षा आधी त्याला. खाट, आसन, खोली ही सगळी संघाची मालमत्ता. एकट्याच्या मालकीचं काही नाही, पण एकट्याला जागा आहे.

आता बाबासाहेबांच्या खोल्यांकडे येऊ. त्यांचं चरित्र आपण सभा आणि सत्याग्रहांच्या तारखांनी पाठ करतो. एकदा खोल्यांनी वाचून पाहा.

पहिली खोली मुंबईतली, परळच्या डबक चाळीतली. गिरणी कामगारांची वस्ती. एकच खोली, तीच स्वयंपाकघर, तिथंच सगळं सामान, धूर. डोक्याशी जातं, पायाशी बांधलेली शेळी. दोघांना एकदम पसरायला जागा नाही. म्हणून रामजीबाबांनी पाळी लावली. भीमा लवकर झोपायचा, बाप जागा राहायचा. रात्री दोनला बाप पोराला उठवायचा आणि मग स्वतः झोपायचा. पोरगा चिमणीच्या उजेडात वाचत बसायचा. मिलमधल्या माणसाला ही व्यवस्था लगेच समजते. ही पाळी आहे. एकाच अंथरुणावर दोन पाळ्या. फरक इतकाच, की या पाळीतून मालकाला काही मिळालं नाही, देशाला मिळालं.

पण ओसरी? ती त्या पोरानं बाहेर शोधली. चर्नी रोडच्या बागेत जाऊन तो वाचत बसायचा. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिलं. 1907 मध्ये मॅट्रिक झाल्यावर याच केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात दिलं. आता विचार करा. चाळीतली खोली नसती तर मॅट्रिक झाली नसती. बागेतला बाक नसता तर बुद्ध एवढ्या लवकर हातात आला नसता.

1913 च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. आधी हार्टली हॉल या वसतिगृहात थोडे दिवस, मग भारतीय विद्यार्थ्यांच्या एका निवासात, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. महाराचा पोरगा आणि पारशाचा पोरगा एका छपराखाली. कुणी पाणी शिंपडलं नाही. भथेना पुढं जन्मभर मित्र राहिला, अडचणीत पैसे देणारा मित्र. वसतिगृहाच्या खोलीतून माणसाला असा माणूस मिळतो. भाड्याच्या खोलीतून सहसा मिळत नाही.

याचा पुरावा 1917 चा आहे. बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर झाले. कुणी जागा देईना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. भाडं रोजचं दीड रुपया. वरच्या मजल्यावर झोपायची एक छोटी खोली, लागून न्हाणी. बाकी सगळा एक मोठा दिवाणखाना, अडगळीनं भरलेला. विजेचा दिवा नाही, एक कंदील. अंधारात वटवाघळं फडफडायची. कोलंबियातून शिकून आलेला माणूस तिथं एकटा पुस्तक घेऊन बसायचा. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. मग कामाठी बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीनं मुंबई. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

त्या जागेचा नकाशा काढा. खोली होती. मंडपही होता. पण मंडपात माणूस नव्हता. म्हणून तिला खोली म्हणता येत नाही, ती कोठडी झाली. उलट जिथं नुसताच मंडप असतो, कोपरा नसतो, तिथं आमच्या मिलचं गोदाम होतं. माणसं पोत्यासारखी ओळीत. माझी बहीण गोदामाला कंटाळलीय. मला तिच्या कोठडीची भीती वाटते. आमच्या दोघांचं भांडण एवढंच आहे.

आपल्या लोकांसाठी वसतिगृह काढायचं हे आधी कुणाला सुचलं? शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग एकेका जातीसाठी एकेक बोर्डिंग. अस्पृश्यांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क होस्टेल. आज कुणी म्हणेल, जातवार बोर्डिंगं कशाला? त्या काळी दुसऱ्या जातीचा पोरगा आपल्या पोराच्या पंगतीला चालत नव्हता. महाराजांनी आधी पोरांना शहरात पाठ टेकायला जागा दिली. पंगतीचा प्रश्न भाऊराव पाटलांनी पुढं सोडवला. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र रांधत, एकत्र जेवत. आपल्या वऱ्हाडात अमरावतीला पंजाबराव देशमुखांचं श्रद्धानंद छात्रालयही असंच, सगळ्या जातींना उघडं.

बाबासाहेबांनी 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेनं पहिल्यांदा केलेल्या कामांतलं एक म्हणजे वसतिगृह. 4 जानेवारी 1925 पासून सोलापुरात. तेव्हा चवदार तळं दोन वर्षं लांब होतं, काळाराम मंदिर पाच वर्षं लांब. आधी वसतिगृह, मग सत्याग्रह. आपल्या भाषणांत हा क्रम कुणी सांगत नाही. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं सभा देई. सोलापूर नगरपालिका महिन्याला 40 रुपये मदत करी. आणि गंमत बघा, त्या पोरांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. चारदोन वर्षांपूर्वी शाळेच्या पायरीशी बसणारी पोरं, छप्पर मिळालं न् लगेच मासिक! तुमच्या हातात हा अंक आहे, त्याचा आजा तिथं जन्मला असं मी मानतो. एका खोलीत एकटा बसलेला माणूस कविता लिहील. मासिक काढायला ओसरी लागते.

पुढचा टप्पा नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटी 1945 ची. 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, 1950 ला औरंगाबादेत मिलिंद. आज त्या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. खेड्यातल्या पोराला कॉलेज म्हणजे स्वप्न. बाबासाहेबांनी तिथं माळरान घेतलं, बांधकामावर स्वतः उभं राहून लक्ष दिलं. कॉलेजाबरोबर वसतिगृहं उभी केली. त्यातल्या एकाचं नाव अजिंठा. नाव उगाच ठेवलेलं नाही. मला तर तो सरळ निरोप वाटतो: बाबांनो, हा विहार आहे. झोपा, वाचा, आणि बाहेर येऊन बोला.

पोरं बोललीच. मराठवाडा-वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन आलेली पहिली पिढी त्या खोल्यांत राहिली. गंगाधर पानतावणे तिथं शिकवत. 1967 मध्ये 'अस्मिता' निघालं, त्याचंच पुढं 'अस्मितादर्श' झालं. दलित साहित्य म्हणून आज जगात जे वाचलं जातं त्याची बरीच मुळं त्या माळावर आहेत. मुंबईत वडाळ्याचं सिद्धार्थ विहार तसंच. राजा ढाले तिथं राहत. 29 मे 1972 ला दलित पँथर निघाली, तिच्या बैठका, भांडणं, पत्रकं त्या वसतिगृहाच्या खोल्यांनी पाहिली. एका खाटेवर तिघं, खालच्या चटईवर गावाकडून आलेला पाहुणा. माझ्यासारखाच कुणीतरी.

म्हणून सत्तेला आपल्या वसतिगृहांचा राग येतो. जुनी गोष्ट सांगत नाही. हैद्राबादच्या केंद्रीय विद्यापीठात पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढलं. वर्गात बसा, ग्रंथालयात जा, पण वसतिगृहात पाय टाकायचा नाही, सार्वजनिक जागांत जमून फिरायचं नाही. दोस्तहो, हा हुकूम नीट वाचा. खोली काढून घेतली आणि ओसरीही. दोन्ही एकदम. मनूचा दहावा अध्याय विद्यापीठाच्या कागदावर. पोरांनी उघड्यावर तंबू टाकला, त्याला नाव दिलं वेलीवाडा. तेलुगूत वेलीवाडा म्हणजे आपला महारवाडा, गावकुसाबाहेरची वस्ती. बाबासाहेबांचं चित्र जवळ घेऊन थंडीत तिथं झोपली. 17 जानेवारी 2016 ला त्यांतला रोहित वेमुला गेला. दुसऱ्या एका मित्राच्या खोलीत गेला. त्याला स्वतःची खोली उरली नव्हती.

आता स्वाधारकडे येतो. समाजकल्याणची वसतिगृहं कमी आणि अर्ज जास्त. म्हणून 2016-17 पासून सरकारनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. ज्याला वसतिगृह मिळालं नाही त्याच्या खात्यात पैसे. सुरुवातीचे दर असे: मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60 हजार, इतर महापालिकांच्या शहरांत 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. या 43 हजारांत 25 हजार जेवणाचे, 12 हजार राहण्याचे, 6 हजार इतर खर्चाचे. म्हणजे खोलीसाठी महिन्याला एक हजार रुपये. बाकी हिशेब तुम्ही करा, मी हमालीचा करतो तसा.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यामुळं कितीतरी पोरं-पोरी शिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहतोय. पण दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. एक, पैसे घेऊन पोरगी खोली बघायला जाते तेव्हा घरमालक पहिल्यांदा आडनाव विचारतो. आमच्या बाईला एका गल्लीत तीन ठिकाणी विचारलं. तिसऱ्यानं तर "मटन खाता का?" असं विचारलं. बडोद्याला काठ्या होत्या, इथं नुसता प्रश्न. दुसरी गोष्ट, शंभर पोरं एका वसतिगृहात राहिली तर त्यांची एक मेस, एक वाचनालय, एक जयंती, एक मोर्चा होतो. तीच शंभर पोरं शंभर खोल्यांत विखुरली तर शंभर मोबाईल होतात. सरकारनं खोलीचे पैसे दिले. ओसरीचे पैसे कोणत्याच जी.आर.मध्ये नाहीत.

पण थांबा. मी फक्त सरकारवर ओरडून सुटणार नाही. बहिणीनं मला जो प्रश्न टाकला तो आपल्या चळवळीलाही आहे. आपल्या त्या थोर ओसऱ्यांवर पोरी किती होत्या? बल्बखाली मी बसायचो तेव्हा एकही नव्हती. पोरींच्या वसतिगृहाचं फाटक दिवेलागणीला बंद. रात्रभर चाललेल्या वादात कोण? आपण. घरी एकाच सपरात कोपरा कुणाला? शिकणाऱ्या पोराला. पोरीनं चुलीपुढं पुस्तक धरायचं आणि आईनं हाक मारली की मिटायचं. रामजीबाबा दोनला उठून पोराला जागा देत होते. मी माझ्या बहिणीसाठी किती रात्री उठलो? एकही नाही. मी ओसरीचं कौतुक करू शकलो, कारण मला खोलीचा हट्ट धरण्याआधीच थप्पीमागं जाण्याची मुभा होती. तिला थप्पीही नव्हती.

हे लिहिताना उमगलं. अजिंठ्याच्या माणसानं मंडप कोरला आणि खोल्याही कोरल्या. एकाच दगडात. त्यानं आधी हे, मग ते, असं भांडण केलं नाही.

बहीण अमरावतीला गेली. खोली मिळाली, आपल्याच वस्तीत, एका आजीच्या घरावर, पत्र्याची. सात बाय आठ. दार आहे, आतून कडी आहे. सामान मी पोचवलं. रात्री मला म्हणाली, "दादा, तू आता जाय. मले कडी लावून पाहू दे." मी पायरीवर उभा होतो. आतून कडी लागल्याचा आवाज आला. खरं सांगतो, एवढा गोड आवाज मी मिलमध्ये दहा वर्षं राबलो तरी ऐकणार नाही.

पंधरा दिवसांनी तिचा फोन. त्याच गल्लीत स्वाधारवर राहणाऱ्या सहा पोरी आहेत. दर रविवारी आजीच्या ओसरीवर जमतात. पुस्तकं प्रत्येकीची एकेक, वाचायची सगळ्यांनी. मला म्हणाली, तुझ्याकडची बाबासाहेबांची बुकं पाठव, आणि अंक निघाला की सहा प्रती.

तर दोस्तहो, कार्यकर्त्यांनो, काम स्पष्ट आहे. वसतिगृहाच्या जागा वाढवा म्हणून समाजकल्याणच्या दारात बसायचंच. प्रत्येक वसतिगृहात वाचायची खोली आणि प्रत्येक पोराला-पोरीला दिवा, फळी आणि आडोसा असलाच पाहिजे, हे मागायचंच. पण यादी लागेपर्यंत थांबायचं नाही. ज्या गल्लीत आपली पोरं भाड्यानं राहतात त्या गल्लीत जा. कोण कुठं राहतं त्याची वही करा. दब्ब मल्लपुत्ताचं काम करा. बुद्धविहार रविवारी वंदना झाली की कुलूप लावून ठेवता, ते उघडा. एक बल्ब लावा. आणि पोरींना सांगा, फाटक आम्ही बंद करणार नाही.

माझी रात्रपाळी सुरू व्हायची वेळ झाली. आज तुरीची नवी थप्पी लागलीय. बाकीचं तिच्यामागं बसून लिहीन.

जयभीम.